टाचेच्या वाढलेल्या हाडाला दोष देण्याआधी

लांबवर चालून आल्यावर घटकाभर बसावं आणि उठताना टाच जमिनीवर टेकवत नाही. सकाळी अंथरुणातून उठल्यावरची पहिली चार पावलं तर नकोशी वाटतात. पुढे चालता चालता दुखणं ओसरतं, म्हणून आपण ते अंगावर काढतो. एक्स-रेत टाचेला काट्यासारखं टोक दिसलं की घरभर निदान पक्कं होतं: हाड वाढलंय! पण असं टोक टाच कधीच न दुखलेल्या कितीतरी माणसांच्या एक्स-रेतही दिसतं.

दुखणं बहुतेकदा तळव्याखालच्या जाड, चिवट पट्ट्याचं असतं. हा प्लांटर फॅशिया टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत पसरलेला असतो. पाऊल उचलताना बोटं वर वळतात, पट्टा ताणला जातो आणि रहाटावर दोर गुंडाळावा तशी पायाची कमान उचलून घट्ट होते. जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्ये ही रचना उलगडून दाखवली. आखडलेली पोटरी, वाढलेलं वजन, कडक फरशीवर दिवसभर उभं राहणं यांनी पट्ट्यावरचा ताण वाढतो. एरवी बसून काम करणाऱ्यानं एकदम आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर चालायला घेतलं, तर पट्ट्याला सावरायला उसंतच मिळत नाही.

जुन्या दुखण्यात सुजेपेक्षा तंतूंची झीज जास्त आढळते. त्यामुळे गोळीनं वेदना दबते, पट्टा बळकट होत नाही. स्टिरॉइडच्या इंजेक्शनानं काही आठवडे बरं वाटतं. मात्र ते वारंवार घेतलं तर टाचेखालची चरबीची गादी झिजू शकते, क्वचित पट्टाही तुटतो.

डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये मांडलेला व्यायाम मला म्हणूनच मोलाचा वाटतो. पायरीच्या कडेवर चवडा ठेवायचा, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी. तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. एक दिवसाआड. सुरुवातीला दोन्ही पायांवर, जमू लागलं की एकेका पायावर. त्यांच्या अभ्यासात तीन महिन्यांनी हा व्यायाम करणाऱ्या गटाचं दुखणं नुसतं ताण देणाऱ्या गटापेक्षा कमी होतं. वर्षभरात दोन्ही गट सारखेच सुधारले. व्यायाम सुरू असताना चालणं बंद नको, कमी करा. घरातही मऊ तळव्याची चप्पल घाला.

पाय सुजला असेल, हाडावर एकाच जागी दाबल्यावर कळ येत असेल, किंवा मधुमेहात तळवा बधिर झाला असेल, तर व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना पाय दाखवा.