नेट का फिरतंय? आधी दोष कुठे आहे ते शोधा



गट ऑफिसला येणाऱ्या सभासदांकडून हल्ली एक तक्रार हमखास ऐकू येते. "साहेब, रेंजच्या काड्या फुल्ल आहेत, पण नेट नुसतं गोल गोल फिरतंय." पूर्वी तक्रार असायची ती पाण्याच्या पाळीची, नाहीतर तोडीची. आता त्यात ही नवी भर पडली आहे.

ही बाब हसण्यावारी नेण्यासारखी नाही. लागणीची नोंद मोबाईलवरून घेण्याची पद्धत बऱ्याच कारखान्यांत आली आहे, आणि नोंदीच्या तारखेवरूनच तोडीचा क्रम लागतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. तीत शेतात उभे राहून पिकाचा फोटो घ्यावा लागतो. फोटो गेला नाही तर सातबाऱ्यावर ऊस लागत नाही, आणि पुढे पीक कर्जाच्या वेळी हेलपाटे सुरू होतात. तेव्हा नेट हळू का चालते आणि त्यावर आपल्या हातात काय आहे, हे नीट समजून घेतलेले बरे.

टॉवर म्हणजे चारीच

कालव्यातून वितरिका, वितरिकेतून चारी, चारीतून आपला दंड आणि दंडातून सरी, असे पाणी येते. नेटचेही तसेच आहे. तारेतून किंवा टॉवर-टॉवरमधील तबकड्यांतून ते टॉवरपर्यंत येते आणि तिथून हवेतून आपल्या मोबाईलमध्ये. एका टॉवरचे 'पाणी' ठरलेले असते. ते त्या घडीला जेवढे लोक वापरत असतील तेवढ्यांत वाटले जाते. काड्या दाखवतात ते फक्त चारी आपल्या बांधापर्यंत आली आहे की नाही. चारीवर किती जणांनी दारे धरली आहेत, हे काड्या सांगत नाहीत. म्हणून काड्या फुल्ल आणि नेट बंद, यात नवल नाही.

संध्याकाळी सात ते अकरा या वेळेत घरोघरी व्हिडिओ आणि मालिका सुरू असतात, तेव्हा ओढ सर्वांत जास्त. गळीत हंगामात कारखान्याच्या परिसरात तोडणी कामगारांची वस्ती पडते, वाहनतळावर ट्रॅक्टर-गाड्यांची रांग लागते. ही सर्व मंडळीही त्याच टॉवरवर येतात. दिवाळीनंतर नेट मंदावण्याचे हे एक साधे कारण आहे.

शिवाय टेलच्या शेतकऱ्याला पाणी कमी मिळते, तसे टॉवरपासून लांबच्या वस्तीला नेट कमी मिळते. ७००, ८५० व ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, पण त्यांत माल कमी मावतो. २३०० किंवा ५-जीच्या ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरींत माल पुष्कळ मावतो, पण त्यांची धाव कमी. त्यामुळे गावात चौकात सुसाट चालणारे नेट मळ्यात रखडते.

व्हिडिओ दिसतो, पण फोटो जात नाही

याचे कारण बहुतेकांना ठाऊक नसते. टॉवर दहावीस वॅट किंवा त्याहून जास्त ताकदीने बोलतो. आपला मोबाईल बोलतो तो फार तर पाव वॅटपर्यंत. टॉवरचे आपल्याला ऐकू येते, पण आपला आवाज टॉवरपर्यंत पोचत नाही. म्हणून येणारे नेट बरे आणि जाणारे नेट अडलेले, असे होते.

त्यात उभा ऊस. दहा-बारा फूट उंचीचा, पाण्याने भरलेला हिरवा पाला लहरी शोषून घेतो. पाऊस किंवा दव पडून पाला ओला असेल तर जास्तच. फडाच्या मधोमध उभे राहून फोटो पाठवण्याची धडपड करू नये. फोटो जिथे काढायचा तिथेच काढावा. ॲपमध्ये माहिती साठवून मागाहून पाठवण्याची सोय असेल, तर बांधावर, उंचवट्यावर किंवा विहिरीच्या धक्क्यावर मोकळ्यात येऊन पाठवावा. पत्र्याच्या शेडमध्येही हीच अडचण येते. दोन पावले बाहेर आल्याने काम होते.

क्रमाने तपासावे

मोटर चालत नसेल तर आपण लगेच मोटर वर काढत नाही. आधी लाईट आहे का, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल. इथेही तोच क्रम ठेवावा.

१. रोजचा डेटा संपला आहे का? दिवसाला दीड-दोन जीबीच्या रिचार्जमध्ये कोटा संपल्यावर नेट बंद पडत नाही, पण वेग साधारण ६४ केबीपीएसवर येतो. चार एमबीचा एक फोटो या वेगाने जायला आठ मिनिटांहून जास्त लागतात. तेवढा वेळ ॲप थांबत नाही, 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणते. एक सभासद याच कारणाने तासभर बांधावर बसले आणि शेवटी नवा मोबाईल घ्यायला निघाले. पाहिले तर नातवाने दुपारपर्यंत व्हिडिओ बघून कोटा उडवलेला! रात्री बारानंतर नवा कोटा सुरू झाला आणि सकाळी फोटो पहिल्या झटक्यात गेला. नव्या मोबाईलचे पैसे वाचले.

२. विमानाचे चित्र असलेले बटण दहा-पंधरा सेकंद चालू करून बंद करावे. मोबाईल नव्याने टॉवर शोधतो. त्याने भागले नाही तर मोबाईल बंद करून चालू करावा. निम्मी दुखणी इथेच बरी होतात.

३. गुपचूप पाणी कोण पितो? ॲपचे अपडेट, फोटोंची आपोआप साठवण, कुणाला दिलेला हॉटस्पॉट यांत नेट जाते. सेटिंगमध्ये डेटा वापराची यादी असते. वरची दोन-तीन नावे पाहावीत.

४. नेटवर्कचा प्रकार पाहावा. सेटिंगमध्ये चुकून २-जी किंवा ३-जी निवडले गेले असेल तर ४-जी करावे. उलट, ५-जी काठावर येत-जात असेल तर मोबाईल मध्येच अडकतो. अशा ठिकाणी ४-जीच ठेवलेले बरे.

५. सिम बदलून पाहावे. आपले सिम घरातल्या दुसऱ्या मोबाईलमध्ये घालावे. तिथे नीट चालले तर दोष मोबाईलचा किंवा त्याच्या सेटिंगचा. तिथेही तसेच रखडले आणि शेजाऱ्याचे त्याच कंपनीचे नेट नीट असेल, तर दोष सिमचा. फार जुने सिम ४-जीला चालत नाही, ते दुकानातून बदलून मिळते. दोन सिमच्या काही जुन्या मोबाईलमध्ये ४-जी एकाच खाचेत चालते, तेही पाहावे.

६. सगळ्यांचेच रखडते का? त्याच कंपनीचे सर्व मोबाईल रखडत असतील तर दोष टॉवरचा. लाईट गेल्यावर टॉवर बॅटरीवर चालतो, ती उतरली की बंद. रस्त्याच्या खोदाईत तार तुटते, मुसळधार पावसात तबकडीची जोडणी कमजोर होते. अशा वेळी सेटिंग उलटसुलट करू नये.

७. बाकी सगळे चालते, एकच ॲप अडते? मग दोष पलीकडच्या यंत्रणेचा. शेवटच्या तारखेला सर्वांची झुंबड उडाली की असे होते. फोटो आणि नोंद मुदतीच्या आधी, भल्या पहाटे करावी.

आणखी एक. ओटीपी येत नसेल तर त्याचा नेटशी संबंध नाही, तो साध्या मेसेजने येतो. तेव्हा रेंज पाहावी. आणि ओटीपी कुणालाही सांगू नये, कारखान्याचे नाव सांगणाऱ्यालाही नाही.

तक्रार कशी करावी

नुसते "नेट चालत नाही" म्हणून भागत नाही. सकाळी, दुपारी व रात्री असा तीन दिवस वेग मोजून वहीत लिहावा. ट्रायचे मायस्पीड नावाचे ॲप त्यासाठी आहे. मात्र वेग मोजण्यातही डेटा खर्च होतो, हे ध्यानात ठेवावे. पहाटे वेग चांगला आणि रात्री कमी असेल तर टॉवरवर गर्दी आहे. तिन्ही वेळा कमी असेल तर रेंजच अपुरी आहे. मग कंपनीच्या १९८ क्रमांकावर तक्रार देऊन तिचा नंबर लिहून घ्यावा. तड लागली नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते, त्याला फी नाही. एकट्याने केलेल्या तक्रारीपेक्षा वाडीतल्या दहा जणांनी केलेली जड पडते. सहकाराचे तत्त्व इथेही लागू आहे.

तरीही सुधारणा नसेल तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. ही सोय देशभर जानेवारी २०११ पासून आहे. PORT हा शब्द इंग्रजीत लिहून, जागा सोडून आपला नंबर टाकून १९०० वर मेसेज करावा. त्याआधी ज्या कंपनीकडे जायचे तिचे सिम शेजाऱ्याकडून घेऊन घरात, मळ्यात व गोठ्यात चालवून पाहावे. गावात बरी चालणारी कंपनी मळ्यात चालेलच असे नाही.

बाजारात रेंज वाढवणारी यंत्रे विकायला येतात. परवान्याशिवाय ती बसवणे कायद्याने गुन्हा आहे. वर त्याने टॉवरच बिघडतो आणि साऱ्या वाडीचे नेट जाते. वरच्याने चारी फोडावी आणि खालचे कोरडे राहावे, तसाच हा प्रकार. त्या भानगडीत पडू नये.

सर्व करूनही नोंद होत नसेल, तर मुदत संपण्याची वाट न बघता गट ऑफिसला यावे व कर्मचाऱ्याकडून नोंद करून घ्यावी. नेट आज ना उद्या चालेल, पण नोंदीची तारीख मागे घेता येत नाही. सभासदांनी याची नोंद घ्यावी, ही विनंती.