आज एक टाळ कमी का?

भजनी मंडळात गैरहजेरी लपत नाही. दहाबारा टाळकऱ्यांतला एकजण आला नाही तर बाहेरून ऐकणाऱ्याला काहीच कळणार नाही, पण बुवांना पहिल्या गजरालाच कळतं. पखवाजवाला आला नाही तर मग बोलायलाच नको. चहासाठी थांबलं की कोणीतरी फोन लावतं, किंवा सरळ उठून त्याच्या खोलीवर जाऊन बघून येतं. बायकोला दवाखान्यात नेलंय, नोकरी गेलीय, पोरगा दहावीला आपटलाय, भावाशी जमिनीवरून वाजलंय. जे असेल ते रात्री अकरापर्यंत सगळ्या मंडळाला ठाऊक झालेलं असतं. आलेला माणूसही सुटत नाही. एरवी ठेका बिनचूक धरणाऱ्याचा हात समेवर येईना झाला, की अभंग संपल्यावर माईक बाजूला सारून बुवा विचारतात, "काय रे, घरी सगळं बरं ना?"

छंदातून जुळलेल्या मैत्रीचा आढावा घ्यायचा तर मी इथूनच सुरुवात करीन. अशा ठिकाणी अडचण सांगावी लागत नाही, ती आपली आपण कळते. दुःख वाटून घेण्यासाठीच जमलेल्या गटात आधी 'मला त्रास होतोय' असं चारचौघांत कबूल करावं लागतं. आपल्याकडे ते जड जातं, पुरुषांना तर फारच. उलट टाळ, सुई किंवा दोर हातात घेऊन बसलेल्या मंडळीत कोणी मदत मागायला आलेलंच नसतं. त्यामुळे मागणारा आणि देणारा अशी उतरंडही लागत नाही.

मुंबईच्या गिरणगावाला हे शंभर वर्षांपूर्वीपासून ठाऊक होतं. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार गाववाल्यांच्या खोल्यांत पाळ्यांप्रमाणे झोपायचे, खानावळीत जेवायचे. बायकापोरं गावाला. या माणसांनी भजनी मंडळं, व्यायामशाळा आणि हौशी नाटक मंडळ्या उभ्या केल्या, त्या करमणुकीसाठी. पण पत्र वाचून दाखवणं, गावी पैसे पाठवणं, नव्याला कामाला चिकटवणं, आजाऱ्याला गाडीत बसवून देणं हे सगळं त्याच खोलीत, त्याच माणसांत होत होतं. १९५३ साली स्थापन झालेल्या कामगार कल्याण मंडळाच्या भजन आणि नाट्यस्पर्धांनी या हौसेला व्यासपीठ दिलं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा अनेकांना गावाकडून येणाऱ्या धान्याने तगवलं. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या गेल्या, कामगार गावाला किंवा उपनगरांत पांगले आणि त्यांच्याबरोबर मंडळंही पांगली. आर्थिक इतिहासात पगार, बोनस आणि गिरण्यांच्या जमिनी यांचा हिशेब येतो. एका पखवाजाभोवती बसणारी माणसं विखुरल्याने काय गेलं, त्याचा हिशेब कोणी मांडलेला मी पाहिला नाही.

भजनाची हौस मात्र टिकली. सिंधुदुर्ग-रत्नागिरीची डबलबारी तर आजही गर्दी खेचते. दोन बुवा समोरासमोर, सवाल-जवाब, एकमेकांना टोमणे, पहाटेपर्यंत. नवख्याला वाटावं, आता हाणामारी होणार. पण बारी संपल्यावर हेच दोघे एका ताटलीतली भजी खाताना दिसतात. गोव्यात कला अकादमीच्या भजन स्पर्धेत पुरुषांबरोबर महिलांची आणि मुलांची पथकं उतरतात. त्यातल्या बायकांच्या पथकांनी घरकाम उरकून संध्याकाळी तालमीला बाहेर पडण्याचा रिवाज पाडला, हे त्या स्पर्धेचं बक्षिसापेक्षा मोठं काम आहे.

गाण्याने माणसं लवकर जवळ येतात याला आता संशोधनाचाही दुजोरा आहे. ऑक्सफर्डच्या रॉबिन डन्बार आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रौढांसाठीचे गाण्याचे, हस्तकलेचे आणि लेखनाचे वर्ग त्यांनी सात महिने न्याहाळले. गाणाऱ्यांची गट्टी सुरुवातीच्या काही आठवड्यांतच जमली. बाकीच्या वर्गांना वेळ लागला, पण सात महिन्यांच्या अखेरीस तेही बरोबरीला आले. म्हणजे विणणाऱ्यांनी नाउमेद व्हायचं कारण नाही.

बायकांच्या बाबतीत मुद्दा मैत्रीचा नंतर, आधी उंबरठा ओलांडण्याचा आहे. जात्यावर बसलं की ओवी सुचते, असं आपण सहज म्हणतो. पण तिथे पहाटेच्या अंधारात सासुरवास, माहेर, भाऊ, सवत, वांझपणाचे टोमणे असं सगळं बोलून घेतलं जायचं. समोरचीचा हात त्याच खुंट्यावर असायचा, तिलाही तेच भोगायचं असायचं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून अशा लाखावर ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या बोलण्याचा पसारा केवढा होता हे आज कळतं. जातं हा छंद नव्हता, ते कष्ट होते, हे विसरून त्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. गिरणीवर दळण जाऊ लागलं आणि बायकांचे खांदे सुटले, हे चांगलंच झालं. फक्त बोलायची ती एक जागा गेली.

ती जागा पुढे भिशीत, महिला भजनी मंडळात आणि अलीकडे मंगळागौरीच्या खेळांच्या ग्रुपमध्ये भरून निघालेली दिसते. हे ग्रुप पुण्या-ठाण्यापासून नागपूरपर्यंत फोफावलेत. श्रावणातल्या मंगळवारी नव्या नवरीकडे खेळायला जायचं, त्यासाठी जूनपासून तालीम. ग्रुपमध्ये बहुतेकजणी पन्नाशीच्या पुढच्या. एका सोसायटीच्या हॉलमध्ये अशी तालीम बघत बसले होते. पंजाबी ड्रेसवर ओढणी कमरेला खोचलेली, दोघींच्या गुडघ्यांना नी-कॅप, खिडकीत पाण्याच्या बाटल्यांची रांग. सूप नाचवण्याचा खेळ चालू होता आणि एकीचा हात सारखा मागे पडत होता. ग्रुप बसवणाऱ्या बाईंनी दोनदा थांबवलं, तिसऱ्यांदा थांबवलं नाही. विश्रांतीत चिवड्याचा डबा फिरताना त्या एवढंच म्हणाल्या, "सासूबाईंनी रात्री झोपू दिलं नाही का गं?" सासूबाईंना विस्मरणाचा आजार, रात्री दोनला उठून दार उघडायच्या. मग एक म्हणाली, दाराला वर कडी लाव, आमच्याकडे तशीच लावली होती. दुसरीने रात्रपाळीच्या मावशींचा नंबर दिला. तिसरी म्हणाली, गुरुवारी मी येऊन बसते, तू झोप काढ. पाच मिनिटांत हे उरकलं आणि पुन्हा पिंगा सुरू झाला. कोणी गळ्यात पडलं नाही, कोणी 'तू किती सहन करतेस' म्हटलं नाही. मला तेच आवडलं.

या बायका घरी सांगून निघतात ते 'प्रॅक्टिसला जाते' असं. 'जरा मन मोकळं करून येते' असं सांगून आपल्या घरांतून संध्याकाळी सहाला बाहेर पडता येत नाही. कार्यक्रमाची तारीख ठरलेली असली, सुपारी घेतलेली असली, की नवराही निमूटपणे कुकर लावतो. छंद हा असा आडोसा आहे. तो नसता तर यांतल्या निम्म्याजणी घराबाहेर पडल्या नसत्या.

क्रोशावाल्यांचा मामला वेगळा. तिथे गाणं नाही, नाच नाही, माना खाली. साखळी, खांब, मुका खांब, पुन्हा साखळी. मोजणीत चूक झाली की उसवायचं. नजर टाक्यांवर असल्यामुळे समोरचीच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, आणि जे तोंडावर बोलता येत नाही ते दोऱ्याकडे बघत बोलता येतं. अवघड वाक्य आलं की 'थांब, टाके मोजते' म्हणून थांबताही येतं. विणणाऱ्यांना हेही ठाऊक असतं की मन ताणलेलं असलं की टाका घट्ट पडतो. त्याच सुईने, त्याच दोऱ्याने विणलेला चौकोन एखाद्या आठवड्यात बोटभर लहान भरला, की शेजारणीला अंदाज येतो. जानेवारी २०१६ मध्ये चेन्नईत 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटाने ११ हजार चौरस मीटरहून मोठं क्रोशाचं पांघरूण जोडून गिनीज विक्रम केला. त्यात देशभरातून आणि परदेशांतून बायकांनी चौकोन विणून पाठवले होते. विक्रमांचं मला विशेष कौतुक नाही. पण एवढे चौकोन जुळवायचे म्हणजे एकमेकींशी किती महिने बोलत राहावं लागलं असेल, याचं आहे.

जवळच्यांना सोडून या अर्ध्या ओळखीच्या माणसांना आपण का सांगतो? मारिओ लुईस स्मॉल या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या अभ्यासात हाच प्रश्न घेतला. त्याने पदव्युत्तर विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा दिसलं की मनातली काळजी माणसं बरेचदा सर्वांत जवळच्यांना सांगतच नाहीत. त्या वेळी समोर असलेल्याला, किंवा तशाच अडचणीतून गेलेल्याला सांगतात. आपल्या घरांत बघितलं तर याचं नवल वाटू नये. बहिणीला सांगितलं की ती आईला सांगणार, आई रात्रभर जागणार, सकाळी मेव्हण्याचा फोन येणार. सांगण्याची किंमत फार. क्रोशाच्या ग्रुपमधलीला सांगितलं तर ती पुढच्या बुधवारी विचारील, तोवर आपण मोकळ्या.

डोंगरातली मैत्री या सगळ्यांपेक्षा करकरीत. तिथे भीती लपवता येत नाही. प्रस्तरारोहणात वरचा चढत असतो आणि खालचा दोर सांभाळत असतो. वरच्याच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या की खालच्याला ते दिसतं, आणि दोर किती ढिला सोडायचा, किती खेचायचा हे तो त्यावरून ठरवतो. एकदा ज्याने आपली ही थरथर पाहिली त्याच्यापुढे पुढे कर्जाचं किंवा घटस्फोटाचं बोलायला संकोच उरत नाही. मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघात भरणाऱ्या गिरिमित्र संमेलनाला राज्यभरातले भटके जमतात. व्यासपीठावर मोहिमा आणि चढाईमार्ग, आणि बाहेर चहाच्या टेबलापाशी कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कोणाची मुलगी शिकायला कुठे गेली, कोण बरेच दिवस दिसलं नाही. या जाळ्याचा उपयोग ओळखीपाळखीपुरता राहिलेला नाही. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स अशा संस्था दरीत पडलेल्या, वाट चुकलेल्या अनोळखी लोकांना वर काढतात, तेही बिनपैशाचं. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वर जायला गाडीरस्ता नव्हता. पावसात, अंधारात ती चढण चढणाऱ्या मदतकर्त्यांत डोंगर पायाखाली असलेले हे लोक होते.

पुरुषांना बोलतं करायला काही काम लागतं, हे ऑस्ट्रेलियाने १९९०च्या दशकात ओळखलं. तिथे निवृत्त पुरुषांसाठी सुतारकामाच्या शेड उघडल्या गेल्या. २००७ साली त्यांचा देशव्यापी संघ झाला आणि आज अशा शेडची संख्या हजारावर आहे. रंधा मारता मारता प्रोस्टेटपासून एकटेपणापर्यंत सगळं निघतं म्हणे. आपल्याकडे मुंबईत मार्च १९९५ मध्ये डॉ. मदन कटारियांनी पाच माणसांनिशी बागेत पहिला हास्यक्लब सुरू केला, तो पुढे जगभर गेला. ते ठरवून हसणं मला कधी जमलं नाही. पण हसून झाल्यावर उडप्याकडे जाऊन इडली खाणारे आजोबा बघितले की वाटतं, खरा क्लब तो.

आता कडू भाग. छंदाच्या गटात बातमी जशी मदत आणते तशी चहाडीही होते. अकरापर्यंत मंडळाला कळलेलं बाराला आळीला कळतं. उसनवारीने तर कित्येक मंडळं फुटली. तालमीला येणाऱ्याने पन्नास हजार घेतले आणि मग तो तालमीलाच यायचा बंद झाला, ही गोष्ट प्रत्येक गावात वेगवेगळ्या नावांनी सापडते. अनुभवी मंडळी म्हणूनच आजारपणाला वर्गणी काढतात, धंद्याला नाही. शिवाय मंडळात कोण बसतं हे बघावं. आळी, जात, भाषा, पगार यांची चाळण लागूनच बहुतेक ग्रुप बनलेले असतात, आणि ज्याला आधाराची सर्वांत जास्त गरज तो बहुधा त्या चाळणीच्या बाहेर असतो. डोंगरातल्या बंधुभावालाही बुटांचे आणि प्रवासाचे पैसे लागतातच.

आणखी एक. सल्ल्याचा सुकाळ. झोप लागत नाही म्हटलं की चार काढे आणि एक महाराज सुचवले जातात. माणूस आठवडेच्या आठवडे उठत नाही, जेवत नाही, जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलतो, तेव्हा तालमीतला चिवडा पुरत नाही. त्याला डॉक्टरकडे न्यावं लागतं. सरकारची 'टेली-मानस' ही मोफत मदतवाहिनी ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं. जाणत्या ग्रुपप्रमुखाने हा क्रमांक आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, आणि लागलाच तर स्वतः सोबत जावं.

काही ग्रुपांना दुसरीच बाधा होते. आधार देण्याची इतकी गोडी लागते की छंद मागे पडतो. भजनाला जमायचं आणि दोन तास गाऱ्हाणी ऐकायची, अभंग एकच. अशा मंडळाची उपस्थिती वर्षभरात रोडावते, कारण दुःखात नसलेल्याला तिथे यायचं कारण उरत नाही. मंगळागौरवाल्या बाईंनी पाच मिनिटांत सगळ्यांना पुन्हा उभं केलं होतं, ती शिस्त कठोर नव्हती.

सध्या या सगळ्यांची मोठी अडचण जागेची आहे. चाळीची गच्ची गेली, खोलीबाहेरची गॅलरी गेली. नव्या टॉवरमध्ये क्लबहाउस असतं, पण तिथे टाळ वाजवायला परवानगी नाही, बाहेरच्या सभासदांना गेटवर नोंद, आणि हॉलचं भाडं तासावर. शाळेचे वर्ग संध्याकाळी कुलूपबंद. ग्रंथालयांच्या वरच्या मजल्यावरची दालनं लग्नकार्यांना दिली जातात, कारण त्यातून ग्रंथालय चालतं. मंगळागौरीचा तो ग्रुप या वर्षी एका सभासदाच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये सराव करतोय, रात्री साडेआठनंतर, गाड्या लागायच्या आत. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी आवाजाची लेखी तक्रार केली आहे. बायकांनी त्यांच्या पत्नीला ग्रुपमध्ये घेतलं.