जुना संगणक सुरू होत नाही तेव्हा

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत वाशीमच्या आमच्या घराचा माळा झाडताना एक काळी, चपटी पेटी हाती लागली. काकांच्या तरुणपणचा 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' संगणक होता तो. इंग्लंडच्या सिंक्लेअर कंपनीने १९८४ मध्ये काढलेले हे यंत्र डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन १९८६ मध्ये भारतात आणले. तेव्हा वाशीम हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. यंत्राची स्मृती अवघी ४८ किलोबाइट. पडदा म्हणून घरचा टीव्ही आणि साठवणीला गाण्यांची असते तशी कॅसेट!

सोबत काकांच्या अक्षरातली एक कॅसेटही निघाली. तिच्यात त्यांनी स्वतः लिहिलेले प्रोग्रॅम होते. एका दुरुस्तीवाल्याने यंत्र न उघडताच "मेलंय हे" असा निकाल दिला. काका म्हणाले, "चालला तर ठेवू, नाहीतर भंगारात दे." तेव्हा प्रश्न एका पेटीचा नव्हता, त्या कॅसेटचाही होता.

मित्रहो, 'सुरू होत नाही' हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. ताप आला म्हणजे वैद्य आधी नाडी पाहतो. इथेही बाहेरून आत, एका वेळी एकच गोष्ट तपासत जावे.

पहिली तपासणी टीव्हीची. स्पेक्ट्रमचे चित्र यू.एच.एफ. ३६ व्या चॅनेलच्या आसपास मिळते आणि त्यासाठी टीव्हीत जुन्या पद्धतीचा ॲनालॉग ट्यूनर लागतो. पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसत असतील, तर दोष कदाचित ट्यूनिंगचा असेल. यंत्र निरोगी असेल तर दोन-तीन सेकंदांत पडद्याच्या तळाशी सिंक्लेअर कंपनीचे नाव आणि १९८२ हे साल उमटते.

दुसरी तपासणी अडॉप्टरची, आणि घात होतो तो येथेच. या यंत्राला ९ व्होल्टचा डी.सी. पुरवठा लागतो, पण त्याच्या पिनेचा मधला भाग ऋण आणि बाहेरचा धन असतो. बाजारात मिळणारे बहुतेक अडॉप्टर नेमके याच्या उलट असतात. व्होल्ट जुळले म्हणून तसाच अडॉप्टर लावला, तर जिवंत यंत्रही क्षणात मरते. म्हणून आधी मल्टिमीटर लावून ध्रुव पाहावेत. जुना मूळ अडॉप्टर भार नसताना १२-१३ व्होल्ट दाखवतो. त्यात भिण्यासारखे काही नाही.

तिसरी पायरी कीबोर्डची. त्यातील प्लॅस्टिकचा पातळ पडदा वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ठिसूळ होतो आणि त्याच्या पट्ट्या हात लागताच तुटतात. परंतु यंत्र सुरू होण्यास कीबोर्ड लागत नाही. पट्ट्या अलगद सोडवून, त्याच्याविना यंत्र लावून पाहावे.

चौथी पायरी आतल्या विजेची. ७८०५ हा रेग्युलेटर ५ व्होल्ट देतो. परंतु खालच्या १६ किलोबाइट स्मृतीच्या ४११६ जातीच्या आठ चिपांना तेवढ्याने भागत नाही. त्यांना धन १२ आणि ऋण ५ व्होल्टही हवे असतात. ते तयार करण्यासाठी एक लहानसे वेटोळे आणि एक ट्रान्झिस्टर असतो. चिपेच्या पहिल्या पायावर ऋण ५, आठव्यावर धन १२ आणि नवव्यावर धन ५ व्होल्ट मिळायला हवेत.

आमच्या यंत्रात पडद्यावर नुसते उभे पट्टे येत होते. मोजले तर ५ व्होल्ट ठीक होते; १२ व्होल्टचा मात्र पत्ता नव्हता. ट्रान्झिस्टर जळाला होता. तो लगेच बदलावा असे मनात आले. पण हा ट्रान्झिस्टर बहुधा स्वतःहून जळत नाही, एखादी बिघडलेली चिप त्याला जाळते. ती तशीच ठेवली तर नवाही जातो. म्हणून वीज बंद ठेवून चिपा एकेक तपासल्या, तेव्हा एकीत शॉर्ट सापडला. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या मिस्त्रींनी ती चिप आणि तो ट्रान्झिस्टर बदलून नीट डाख दिला.

त्या संध्याकाळी पडद्यावर ती एक ओळ उमटली. काका काही बोलले नाहीत. खुर्ची ओढून जवळ बसले. कीबोर्डचा नवा पडदा अजून यायचा आहे. तोवर कॅसेट कोरड्या जागी जपून ठेवली आहे.

आपल्याही माळ्यावर असे काही पडले असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एक मल्टिमीटर उसना आणा. आणि मुख्य म्हणजे, घाई करू नका. यंत्रे जुनी झाल्याने मरतात त्याहून अधिक आपल्या उतावळेपणाने मरतात.