वासाच्या नकाशावर घरं

इंग्लंडमध्ये मैलापाणी शुद्धीकरण केंद्राजवळ घरं बांधायची, तर स्थानिक परिषद बहुधा आधी वासाचा हिशेब मागते. हवेचा नमुना स्वच्छ हवेत पातळ करत निवडक माणसांना हुंगायला देतात. निम्म्यांना जेमतेम जाणवेल ती तीव्रता म्हणजे एक गंध-एकक. मग वाऱ्याच्या नोंदी घालून संगणकावर नकाशा काढतात. मर्यादा मात्र वर्षातल्या 98 टक्के तासांपुरतीच लावतात. उरलेले सुमारे 175 तास हिशेबाबाहेर! ते नेमके उन्हाळी संध्याकाळी वाट्याला आले, तर रहिवाशाने खिडक्या लावून बसायचं.

2018 पासून राष्ट्रीय धोरणही केंद्राच्या बाजूने आहे: मागाहून येणाऱ्या बिल्डरनेच उपाय करायचा. म्हणजे अंतर सोडा, त्या पट्ट्यात घरांऐवजी गोदामं काढा, नाहीतर टाक्या झाकण्याचा खर्च उचला.

केंब्रिजमध्ये तर अख्खं केंद्रच हलवायचं ठरलं, कारण त्या परिसरात सुमारे 8 हजार घरं बसणार होती. एप्रिल 2025 मध्ये स्थलांतराला मंजुरी मिळाली. ऑगस्टमध्ये, खर्च फुगल्यावर, सरकारने निधीच नाकारला.