आज्ञा-साधने, संगणकीय : प्रस्थापना, उन्नयन व निष्कासन

पडद्यावरील चित्रांचा उपयोग न करता टंकित आज्ञांच्या ओळींनी संगणकाकडून काम करून घेता येते. अशा आज्ञांनी चालणाऱ्या कार्यक्रमांना आज्ञा-साधने म्हणतात. सी भाषेतील संहितेचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा जीसीसी हा कंपायलर, संहितेच्या क्रमशः होणाऱ्या आवृत्त्यांची नोंद ठेवणारे गिट आणि पायथन भाषेतील आज्ञा वाचून त्या अंमलात आणणारा इंटरप्रिटर ही कार्यक्रमकारांच्या नित्य वापरातील अशी साधने होत. असे साधन संगणकात योग्य जागी बसवून वापरण्याजोगे करणे, म्हणजेच इन्स्टॉल करणे, यास प्रस्थापना म्हणतात. जुन्या आवृत्तीच्या जागी नवी आणणे हे उन्नयन आणि साधन काढून टाकणे हे निष्कासन होय. या तिन्ही क्रिया वरवर स्वतंत्र भासतात. परंतु कोणती फाइल कोठे ठेवली व ती कोणासाठी ठेवली याची अचूक नोंद हा तिन्हींचा समान पाया आहे. नोंद असेल, तर साधन सुखरूप बदलता व काढता येते. नसेल, तर संगणकात काय आहे हे कालांतराने त्याच्या मालकालाही सांगता येत नाही.

साधनाचे घटक : आज्ञा-साधन ही सहसा एकच फाइल नसते. प्रत्यक्ष चालणारा कार्यक्रम, त्याला लागणारी सामायिक उपकार्यक्रमांची भांडारे, माहितीपत्रक, सर्व वापरकर्त्यांना लागू असणारी मांडणीची फाइल आणि प्रत्येक वापरकर्त्याच्या स्वतःच्या पसंतीची फाइल असे त्याचे भाग असतात व ते वेगवेगळ्या कप्प्यांत विखुरलेले असतात. टंकित केलेले नाव कोणत्या कप्प्यांत व कोणत्या क्रमाने शोधावयाचे याची एक यादी संगणकाकडे असते. तिला पाथ म्हणजे शोधमार्ग असे म्हणतात. साधन संगणकात असूनही ‘आज्ञा सापडली नाही’ असा संदेश येतो, त्याचे कारण पुष्कळदा साधनाचा कप्पा शोधमार्गात नसणे हे असते. उलट, एकाच नावाची दोन साधने असल्यास यादीत आधी येणारे चालते व दुसरे दृष्टिआड राहते.

इतिहास : युनिक्स प्रणालीच्या आरंभीच्या काळात साधनाची मूळ संहिता मिळवून ती आपल्याच संगणकावर यंत्रभाषेत रूपांतरित करावी लागे. या कामातील क्रम सांभाळण्यासाठी १९७६ मध्ये स्ट्यूअर्ट फेल्डमन यांनी बेल प्रयोगशाळेत मेक हे साधन तयार केले. रिचर्ड स्टॉलमन यांनी जीसीसी १९८७ मध्ये प्रसिद्ध केले. १९९३ मध्ये इअन मर्डॉक यांनी सुरू केलेल्या डेबियन प्रकल्पात आधीच रूपांतरित केलेल्या फाइली, त्यांची यादी व त्यांना लागणाऱ्या इतर घटकांची नावे एकत्र बांधून देण्याची पद्धत रूढ झाली. अशा गठ्ठ्यास पॅकेज म्हणतात. डीपॅकेज हा कार्यक्रम एक पॅकेज बसवीत असे. पण त्याला लागणारी इतर पॅकेजे वापरकर्त्यालाच शोधून आणावी लागत. ही उणीव ॲप्ट या व्यवस्थापकाने १९९८ च्या सुमारास दूर केली. उबुंटू ही २००४ मध्ये निघालेली लिनक्सची वितरणप्रत याच व्यवस्थेवर आधारलेली आहे. रेड हॅट समूहात आरपीएम, मॅक संगणकांसाठी होमब्रू (२००९) व विंडोजसाठी विनगेट हे व्यवस्थापक याच तत्त्वाने काम करतात.

अभियांत्रिकी शिक्षणातील स्थान : १९८३ मध्ये महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्याच वर्षी अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या उत्तर भागात, सहकारी साखर कारखानदारीच्या परिसरात, प्रवरा (लोणी), अमृतवाहिनी (संगमनेर) व संजीवनी (कोपरगाव) ही महाविद्यालये निघाली. ही महाविद्यालये पुणे विद्यापीठाच्या कक्षेत वाढली. या विद्यापीठाच्या (२०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) संगणक अभियांत्रिकीच्या २०१५ व २०१९ च्या अभ्यासक्रमांत प्रात्यक्षिकांसाठी मुक्त स्रोत असलेली ६४ बिटी लिनक्स प्रणाली किंवा तिच्यापासून व्युत्पन्न झालेली प्रणाली वापरण्याची शिफारस आहे. त्यामुळे जीसीसी, पायथन यांसारखी साधने स्वतः बसविणे व सांभाळणे हे विद्यार्थ्याच्या दृष्टीने अभ्यासाचेच अंग ठरते. प्रयोगशाळेतील संगणक अनेकांच्या वापरात असतो व त्याचे प्रशासकीय अधिकार विद्यार्थ्याकडे नसतात. घरी किंवा वसतिगृहात मात्र तोच विद्यार्थी आपल्या संगणकाचा एकमेव प्रशासक असतो. एका ठिकाणी चालणारी संहिता दुसरीकडे अडते, त्याची कारणे या दुहेरी परिस्थितीत आढळतात.

प्रस्थापना : उबुंटूवर सी व सी++ भाषांची साधने बसविण्यासाठी ‘सूडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शल’ ही आज्ञा देतात (टंकन करताना हे शब्द रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहावे लागतात). सूडो या शब्दामुळे त्या एका आज्ञेपुरते प्रशासकाचे अधिकार मिळतात. यानंतर ॲप्ट आपल्या याद्या वाचतो, आधी काय बसविले आहे ते पाहतो व लागणाऱ्या पॅकेजांचा संच ठरवितो. बिल्ड-इसेन्शल हे नावापुरते पॅकेज असून जीसीसी, जी++, मेक व मूलभूत सी भांडाराच्या शीर्षक-फाइली ही त्याची खरी सामग्री होय. कोणती पॅकेजे नव्याने येणार, कोणती बदलणार, कोणती निघणार व किती जागा लागणार हे सांगून संगणक बहुधा संमती मागतो. ही यादी न वाचता संमती देणे हे पुढील बहुतेक अडचणींचे मूळ आहे. संमतीनंतर पॅकेजे उतरविली जातात, त्यांचे ठसे सही केलेल्या यादीशी ताडून पाहिले जातात, फाइली जागोजागी ठेवल्या जातात व प्रत्येक फाइलीची नोंद होते. शेवटी साधनाला त्याची आवृत्ती विचारून प्रस्थापनेची खात्री करून घेतात.

जेथे जालसंपर्क मंद किंवा महाग असतो तेथे प्रत्येक संगणकाने स्वतंत्रपणे पॅकेजे उतरविणे परवडत नाही. चाळीस संगणकांच्या प्रयोगशाळेत ३०० मेगाबाइटांचा संच प्रत्येकाने उतरविल्यास १२ गिगाबाइट माहिती आणावी लागते. त्याऐवजी एका संगणकावर उतरविलेली पॅकेजे राखून ती स्थानिक जाळ्यातून इतरांना पुरविली, तर ३०० मेगाबाइटांत काम होते. ॲप्ट-कॅशर-एनजी हा कार्यक्रम हेच कार्य करतो.

उन्नयन : ‘अपडेट’ व ‘अपग्रेड’ या दोन आज्ञांमध्ये नवशिक्यांची गल्लत होते. पहिलीने केवळ उपलब्ध पॅकेजांची यादी ताजी होते, कोणतेही साधन बदलत नाही. दुसरीने प्रत्यक्ष उन्नयन होते. यादी ताजी न करता केलेल्या उन्नयनात नव्या आवृत्त्या नजरेसच येत नाहीत.

उन्नयनाने दोष व सुरक्षेतील त्रुटी दूर होतात. तथापि नवी आवृत्ती जुनी संहिता स्वीकारेलच असे नाही. उबुंटू २२.०४ मध्ये जीसीसीची ११ वी, तर २४.०४ मध्ये १३ वी आवृत्ती प्रमाण म्हणून येते. जीसीसी १३ मध्ये प्रमाण भांडाराच्या काही शीर्षक-फाइली इतर शीर्षकांना आपोआप ओढून आणीनाशा झाल्या. परिणामी आवश्यक शीर्षक स्पष्टपणे न लिहिलेली काही सी++ संहिता ११ व्या आवृत्तीत रूपांतरित होते व १३ व्या आवृत्तीत अडते. दोष मूळ संहितेतच असतो, पण तो उन्नयनाने उघडा पडतो. पायथनच्या बाबतीत हे अंतर अधिक मोठे होते. २००८ मधील तिसरी आवृत्ती दुसरीशी सुसंगत नव्हती व दुसरीचा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. म्हणून प्रात्यक्षिकांच्या सत्राच्या मध्यावर मोठे उन्नयन करू नये. ते दोन सत्रांच्या मधल्या काळात करून सर्व प्रात्यक्षिके नव्या आवृत्तीवर तपासून घ्यावीत. दोन्ही आवृत्त्या लागत असल्यास त्या शेजारी शेजारी बसवून हवी ती निवडण्याची सोय लिनक्समध्ये आहे.

निष्कासन : ‘रिमूव्ह’ या आज्ञेने कार्यक्रम निघतो, पण सर्वसाधारण मांडणीच्या फाइली राहतात; ‘पर्ज’ने त्याही जातात. वापरकर्त्याच्या स्वतःच्या कप्प्यातील फाइलींना मात्र दोन्ही आज्ञा स्पर्श करीत नाहीत. गिट काढून पुन्हा बसविल्यावर जुने नाव व पत्ता तसाच दिसतो, तो यामुळे. मुख्य साधनाबरोबर आलेली व आता कोणालाच न लागणारी पॅकेजे ‘ऑटोरिमूव्ह’ने काढता येतात. साधनाची जागा बदलल्यानंतरही चालू टर्मिनलमधील आज्ञावाचक जुनी जागा स्मरणात ठेवून तेथेच शोध घेतो. अशा वेळी नवे टर्मिनल उघडणे हा सोपा उपाय होय.

निष्कासनातील सर्वांत घातक चूक पायथनच्या संदर्भात घडते. उबुंटूचे अनेक अंतर्गत कार्यक्रम पायथनमध्ये लिहिलेले आहेत. नवी आवृत्ती हवी म्हणून प्रणालीचे मूळ पायथन काढल्यास त्यावर अवलंबून असणारी पॅकेजे, पडद्याच्या चित्रमय मांडणीच्या भागांसह, काढली जाण्याच्या यादीत येतात. संमती दिल्यास संगणक पुढच्या वेळी केवळ काळा पडदा दाखवू शकतो. यासाठी प्रणालीचे पायथन व अभ्यासाचे पायथन वेगळे ठेवतात. प्रत्येक प्रकल्पासाठी आभासी परिसर नावाचा स्वतंत्र कप्पा करून लागणारी भांडारे त्यातच बसवितात. काम संपल्यावर तो कप्पा पुसला की निष्कासन पूर्ण होते. यास प्रशासकीय अधिकार लागत नसल्याने प्रयोगशाळेतही ही पद्धत सोयीची आहे. डेबियन १२ (२०२३) पासून प्रणालीच्या पायथनमध्ये पिप या साधनाने थेट भर घालण्यास डेबियनने अटकाव केला आहे.

व्यत्यय व दुरुस्ती : प्रस्थापना चालू असता वीज गेल्यास पॅकेज अर्धवट राहते. नोंदीत प्रत्येक पॅकेजाची अवस्था लिहिलेली असल्याने वीज आल्यावर डीपॅकेजला राहिलेली मांडणी पुरी करण्याची आज्ञा देता येते व काम बहुधा तेथूनच पुढे सुरू होते. फाइली हाताने पुसून नव्याने आरंभ करणे हा उपाय नव्हे. त्यामुळे नोंद व वास्तव यांत फरक पडतो आणि लहान बिघाड मोठा होतो. जालस्थळावरून हाती घेतलेल्या संहितेपासून बसविलेल्या साधनाची नोंद व्यवस्थापकाकडे नसते. ते कोणत्या कप्प्यात ठेवले हे वापरकर्त्याने स्वतः लिहून ठेवणे श्रेयस्कर ठरते.

सुरक्षितता व परावलंबन : एक साधन बसविणे म्हणजे ते लिहिणाऱ्या अनेक अपरिचितांवर विश्वास टाकणे होय. मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्टच्या एनपीएम भांडारातून लेफ्ट-पॅड हे केवळ ११ ओळींचे पॅकेज त्याच्या कर्त्याने काढून घेतले आणि त्यावर अप्रत्यक्षपणे अवलंबून असणारे हजारो प्रकल्प अडले. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या संक्षेपण-साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत हेतुपुरस्सर दडविलेला चोरदरवाजा आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास आढळला. दूरस्थ प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो या निरीक्षणावरून त्यांनी शोध घेतला होता. डेबियनच्या स्थिर शाखेत तो पोहोचला नव्हता. चाचणीच्या शाखांत मात्र जुनी आवृत्ती नव्या क्रमांकाखाली परत आणावी लागली. नवीनतम आवृत्ती हीच सर्वांत सुरक्षित, हा समज या घटनेने खोटा ठरविला. त्याच वेळी उन्नयन टाळणेही धोक्याचेच असते. स्थिर शाखेतील सुरक्षाविषयक दुरुस्त्या नियमित घेणे व इतर बदल तपासून घेणे हा मध्यम मार्ग होय.

मराठीतील सोय : सी-डॅक या संस्थेच्या मुंबई केंद्रातील जनभारती प्रकल्पाच्या मराठी गटाने ॲप्टचे संदेश मराठीत आणले. डेबियन ५ (२००९) पासून त्या प्रणालीच्या प्रस्थापनेसाठीही मराठी निवडता येते. आयआयटी, मुंबई येथील स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात लिनक्सवरील ध्वनिचित्रपाठ मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत. आज्ञा इंग्रजीतच द्याव्या लागत असल्या, तरी काय बसणार व काय निघणार हे सांगणारा संदेश आपल्या भाषेत वाचता आल्यास संमती समजून देता येते.