राखणदाराची राखण

गोव्याच्या गावांत देवाला राखणदार म्हणतात. शेताच्या मेरेवर, वाटेच्या वळणावर, वडाच्या मुळाशी त्याचं ठिकाण असतं. त्याला रोट द्यायचा, गाऱ्हाणं घालायचं आणि गुरंढोरं, पोरंबाळं त्याच्या हवाली करायची. डिचोली तालुक्यातल्या नार्वे गावात मात्र ही राखण उलट्या बाजूनंही झाली आहे. तिथं माणसांनी देव राखला.

सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंबांचं कुलदैवत. याच देवाच्या वरप्रसादानं राज्य लाभलं, असं ते राजे सांगत आणि आपल्या सोन्याच्या नाण्यांवर तसं कोरूनही घेत. मूळ देऊळ मांडवीतल्या दिवाडी बेटावर होतं. चौदाव्या शतकात ते बहमनी अंमलात पडलं, पुढं विजयनगरच्या माधव मंत्र्यानं पुन्हा उभारलं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते जमीनदोस्त केलं. देवाचं लिंग विहिरीच्या रहाटाला लावलं होतं, अशी आठवण परंपरेनं जपली आहे. भाविकांनी ते तिथून सोडवलं, नदी ओलांडली आणि पलीकडच्या तीरावर आणलं. डिचोली तेव्हा पोर्तुगीजांच्या हाती नव्हती.

नदीचं पात्र फार मोठं नाही. आज फेरीबोटीनं काही मिनिटांत पार होतं. पण त्या काळी पाण्याच्या या काठावर जे गुन्हा होतं, ते त्या काठावर पूजा होतं. लिंग घेऊन निघालेल्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. त्यांना देऊळ बांधायचं नव्हतं, कीर्ती मिळवायची नव्हती. हाती आलेली ठेव धड पोचवायची होती, आणि ती त्यांनी पोचवली.

पुढं 13 नोव्हेंबर 1668 रोजी शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं नार्व्याच्या देवळाचं काम सुरू झालं. तसं सांगणारा शके 1590चा शिलालेख दारावर आहे. राज्य सरकारनं केलेल्या अलीकडच्या जीर्णोद्धारानंतर फेब्रुवारी 2023मध्ये हे देऊळ पुन्हा भाविकांसाठी खुलं झालं. गोकुळाष्टमीला नार्व्याच्या नदीवर स्नानाला आजही गर्दी लोटते.

देव वाचवणं एका रात्रीचं धाडस असेल. देवस्थान चालवणं पिढ्यांचं काम. गोव्यात ते महाजनांकडे, म्हणजे देवस्थानच्या वंशपरंपरागत सभासदांकडे असतं. 1933च्या पोर्तुगीजकालीन देवस्थान कायद्यानुसार महाजन दर तीन वर्षांनी समिती निवडतात. अध्यक्ष, मुखत्यार, खजिनदार असे तिचे पदाधिकारी असतात आणि मामलेदार प्रशासक म्हणून नजर ठेवतो. जमीन, दागिने, फंड सगळं देवाच्या नावावर. महाजन कारभारी, मालक नव्हेत. महाजनकीवरून भांडणं होतात, कोर्टापर्यंतही जातात. तरीही दर वर्षी वही उघडून हिशेब मांडावा लागतो, हे फार मोलाचं आहे. ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या शुभवर्तमानातही धनी चाकरांवर पैसा सोपवून परदेशी जातो आणि परतल्यावर पहिला हिशेब मागतो.

पेडणे तालुका मात्र 1788मध्ये पोर्तुगीज अंमलाखाली आला. तोवर धर्मात ढवळाढवळ न करण्याचं धोरण ठरलं होतं, म्हणून तिथली देवळं जागच्या जागी राहिली. तिथं राखायची ठेव वेगळीच आहे.

तिथल्या मोरजाई देवीच्या मोरजी गावात, शापोरा नदीच्या मुखाजवळ तेंबवाड्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पूर्वी ही अंडी उकरून खाल्ली जात, विकली जात. 1990च्या दशकात वन खात्यानं गावातल्या माणसांना हाताशी धरून राखण सुरू केली आणि कालपर्यंत अंडी काढणारे हात घरट्यांभोवती कुंपण घालू लागले. आता किनाऱ्यावर शॅक आहेत, दिवे आहेत, पर्यटक आहेत. राखणदारांचं काम पूर्वीपेक्षा कठीण झालं आहे.

साधारण नोव्हेंबर ते मार्च हा कासवांचा हंगाम. कासवी रात्री येते, मागच्या पायांनी खड्डा खणते, शंभरेक अंडी घालते, वर वाळू लोटते आणि त्याच रात्री समुद्रात निघून जाते. ती परत बघायला येत नाही. पुढचे पंचेचाळीस ते साठ दिवस त्या खड्ड्याशेजारी कुणीतरी बॅटरी घेऊन बसलेलं असतं.