जडेजाचा ट्रेड आणि मामाचा रुमाल

अठरा कोटींचा प्लेअर एका संघातून दुसऱ्या संघात जातो म्हणजे नक्की काय होतं? हा फंडा मला क्लिअर झाला तो इंदापूर तालुक्यातल्या एका ओसरीवर. मामा, मामेभाऊ आणि चहाच्या तीन राउंड्सनंतर!

शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५. सकाळी पुण्याहून निघाले. बारामतीला घरी आईच्या हातचं जेवायचं आणि संध्याकाळी इंदापूर तालुक्यात मामाकडे, असा साधा-सोपा वीकेंड प्लॅन होता. एसटीत बसते न बसते तोच मोबाइल टुणटुणायला लागला. कॉलेजच्या ग्रुपवर एकच गदारोळ : रवींद्र जडेजा चेन्नईतून राजस्थानला आणि संजू सॅमसन राजस्थानमधून चेन्नईला! सोबत सॅम करनही राजस्थानला. एका मैत्रिणीने तर रडण्याच्या चेहऱ्यांची अख्खी रांग लावली. तिचं बरोबरच होतं म्हणा. २०२३ च्या फायनलला शेवटच्या दोन बॉलवर सिक्स आणि फोर मारून चेन्नईला कप मिळवून देणारा माणूस... त्याचा ट्रेड?

संध्याकाळी मामाच्या ओसरीवर पोचले तर तिथेही तोच विषय. मामेभाऊ म्हणजे कट्टर पिवळा फॅन. तोंड पाडून बसला होता. मामाने मला पाणी द्यायच्या आधीच विचारलं, “काय गं पोरी, तू पेपरात लिहितीस ना? मग सांग, माणूस असा विकता येतो का?”

बॉस, प्रश्न अवघड होता!

सगळी सुरुवात आपल्याच भागातून

मामाला मी आधी आठवण करून दिली, की या बाजाराचं बारामतीशी जुनं नातं आहे. आयपीएलची घोषणा सप्टेंबर २००७ मध्ये झाली आणि खेळाडूंचा पहिला लिलाव २० फेब्रुवारी २००८ ला मुंबईत. तेव्हा बीसीसीआयचे अध्यक्ष होते आपले बारामतीचे शरद पवार. त्या दिवशी धोनीवर १५ लाख डॉलरची बोली लागली, तेव्हाचे साधारण सहा कोटी रुपये. आपल्याकडे लिलाव म्हणजे मार्केट यार्डात डाळिंबाचा नाहीतर भिगवणला मासळीचा. माणसावर बोली लागलेली टीव्हीवर बघताना घरोघरी लोक अवाक झाले होते.

लिलावाची आपल्याला लवकरच सवय झाली. ट्रेडची मात्र अजून पुरती झालेली नाही. खरं तर तो आला दुसऱ्याच सीझनला. २००९ मध्ये झहीर खान बेंगळुरूहून मुंबईला आला आणि रॉबिन उथप्पा मुंबईहून बेंगळुरूला गेला. आशिष नेहरा दिल्लीला, शिखर धवन मुंबईला. सरळ अदलाबदल. शाळेत आपण डब्यातल्या भाज्या बदलायचो ना, तशी!

आणि जडेजाची गंमत ऐका. २००८ मध्ये राजस्थानने पहिला कप जिंकला तेव्हा हा १९ वर्षांचा पोरगा त्याच संघात होता. पुढे राजस्थानबरोबरचा करार न वाढवता त्याने दुसरीकडे परस्पर बोलणी केली म्हणून २०१० च्या पूर्ण सीझनसाठी त्याच्यावर बंदी आली. म्हणजे स्वतःच स्वतःचा ट्रेड करायला गेला, तर शिक्षा. पंधरा वर्षांनी त्याच राजस्थानला तो गेला, या वेळी रीतसर, फॉर्म भरून.

“म्हणजे मालक बोलला तर यवहार आणि पोरगं बोललं तर गुन्हा,” मामाने निकाल दिला.

रुमालाखालची बोटं

आता आकडे बघू. चेन्नईत जडेजाचा करार होता १८ कोटींचा. राजस्थानला जाताना तो १४ कोटींवर आला. सॅमसन १८ कोटींनिशी चेन्नईला. करनचे २ कोटी ४० लाख. याच करनवर डिसेंबर २०२२ च्या लिलावात पंजाबने साडेअठरा कोटी लावले होते! बाजारभाव चढतो, तसाच गडगडतोही. कांदा पिकवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

पण प्रत्येक ट्रेडमध्ये आकडे इतके उघडे नसतात. नोव्हेंबर २०२३ आठवा. हार्दिक पंड्या गुजरातमधून मुंबईत आला, ऑल कॅश डीलमध्ये. त्याचे १५ कोटी बसवण्यासाठी मुंबईने साडेसतरा कोटींचा कॅमरून ग्रीन बेंगळुरूला देऊन टाकला. कारण संघाच्या पर्सला मर्यादा असते. एक मोठा आकडा आत घ्यायचा तर दुसरा बाहेर काढावा लागतो. हार्दिकच्या पगाराशिवाय मुंबईने गुजरातला ट्रान्सफर फी किती दिली, हे मात्र जाहीर झालंच नाही.

हे ऐकून मामा एकदम खुशीत. “अगं, ही तर बैलबाजाराची रीत!” खांद्यावरचा मोठा रुमाल काढून त्याने माझ्या हातावर टाकला आणि खालून माझी बोटं दाबली. जुने व्यापारी असाच सौदा करायचे. भाव फक्त दोघांच्या बोटांना कळायचा. गर्दी नुसती बघत उभी. “फरक एकच,” मामा म्हणाला, “दावं सोडताना बैलाला कुणी इचारत नाय.”

इथे मात्र मी मामाला अडवलं. आयपीएलच्या नियमानुसार खेळाडूची संमती नसेल तर ट्रेड होत नाही. म्हणजे सॅमसनने, जडेजाने ‘हो’ म्हटलं म्हणून ते गेले. ‘हो’ म्हणताना पोटात काय कालवलं, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

पब्लिकला कोण विचारतं?

ज्यांना कुणीच विचारत नाही, ते म्हणजे आपण. फॅन! हार्दिक मुंबईत परत आला, रोहित शर्माच्या जागी कॅप्टन झाला आणि २०२४ चा सीझनभर वानखेडेवर घरच्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली. संघ दहावा, म्हणजे तळाला. मग २९ जून २०२४ ला बार्बाडोसला वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये त्याने शेवटची ओव्हर टाकली, भारत जिंकला, आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्याच नावाचा गजर झाला. पाच-सहा आठवड्यांत पब्लिकने टीम बदलली. तिला ना संमती लागली, ना ट्रान्सफर फी!

(जाता जाता : भिगवणला उजनीच्या पाण्यावर येणाऱ्या फ्लेमिंगोला मराठीत ‘रोहित’च म्हणतात. हा रोहित दर वर्षी येतो, जातो. त्याला कुणी कॅप्टनपदावरून काढत नाही.)

‘नाही’ म्हणायची किंमत

या सगळ्या खेळाचे खरे उस्ताद आहेत अमेरिकेतले बेसबॉलवाले. अॅलेक्स रॉड्रिगेझने टेक्सास रेंजर्सबरोबर डिसेंबर २००० मध्ये १० वर्षांचा करार केला, २५ कोटी २० लाख डॉलरचा! तीन सीझनमध्येच रेंजर्सला तो झेपेना. २००३ च्या शेवटी बॉस्टनला जाण्यासाठी रॉड्रिगेझ स्वतः पगार कमी करून घ्यायला तयार झाला, पण खेळाडूंच्या युनियनने तो सौदा अडवला. एकाने पगार सोडला तर उद्या सगळ्यांचा कापतील, हे त्यांचं लॉजिक. शेवटी फेब्रुवारी २००४ मध्ये तो न्यूयॉर्क यांकीजकडे गेला, तेव्हा उरलेल्या १७ कोटी ९० लाख डॉलरपैकी ६ कोटी ७० लाख डॉलर रेंजर्सनेच भरायचे ठरले. म्हणजे गाडी विकली आणि हप्ते आपणच भरतोय!

जियानकार्लो स्टँटनची केस आणखी भारी. ३२ कोटी ५० लाख डॉलरच्या करारात त्याने ‘माझ्या परवानगीशिवाय ट्रेड नाही’ हे कलम घालून घेतलं होतं. २०१७ मध्ये मायामीने त्याचे सौदे जुळवले तेव्हा त्याने सॅन फ्रान्सिस्को आणि सेंट लुईस, दोघांनाही चक्क नकार दिला. गेला तो यांकीजकडेच. शिवाय तिथे एक सरसकट नियमही आहे : लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली सलग शेवटची पाच एकाच संघात झाली, की खेळाडूला विचारल्याशिवाय हलवता येत नाही.

मामा बराच वेळ गप्प होता. समोरच्या रस्त्यावरून उसाच्या टोळीची गाडी गेली. हंगाम नुकताच सुरू झालेला. मग तो म्हणाला, “आमच्याकडंबी करार असतोय. उचल.” मुकादम हंगामाआधी पैसे देतो, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, आणि उचल फिटेपर्यंत फडातून हलायचं नाही. फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर. कोणत्या कारखान्याला जायचं, कुणाच्या फडात उतरायचं, हे मुकादम ठरवतो. “त्यांच्या करारात ‘नाय’ म्हणायचं कलम कुठंय?”

मी काहीच बोलले नाही.

आणि मामेभावाचा ट्रेड

रात्री जेवणं झाल्यावर मामेभाऊ हळूच म्हणाला, “ताई, माझापण ट्रेड झालाय.” बारामती एमआयडीसीतल्या एका कंपनीत तो चार वर्षं कॉन्ट्रॅक्टवर आहे. काम तेच, मशिन तेच, पण कॉन्ट्रॅक्टर बदलला. सोमवारी नव्या नावाने जॉइनिंग फॉर्म भरायचा, असा मेसेज. “मग जुन्या चार वर्षांचं काय?” मी विचारलं. त्याला माहीत नव्हतं. विचारायचं असतं, हेच त्याला सुचलं नव्हतं.

हसू नका. माझ्या पुण्यातल्या पहिल्या नोकरीत आमची अख्खी टीम क्लायंटसकट दुसऱ्या कंपनीकडे गेली. शुक्रवारी मेल, सोमवारी शहराच्या दुसऱ्या टोकाला नवी खुर्ची. नव्या कंपनीचं नाव मी गळ्यातल्या कार्डावर नीट वाचलं. मला कुणी विचारलं नाही, हे मी मित्रांना कित्येकदा सांगितलंय. मीही काही विचारलं नव्हतं, हे मात्र त्या रात्री पहिल्यांदा कबूल केलं.

मग आम्ही दोघांनी मोबाइलवर चार ओळी टाइप केल्या. जुनी सर्व्हिस धरणार का? पगार तोच राहणार का? पीएफ आणि सुट्ट्यांचं काय? उत्तर लेखी द्याल का? ‘सर’, ‘कृपया’ वगैरे घालून, पण चार प्रश्न म्हणजे चार प्रश्न.

सोमवारी दुपारी मी पुण्यात ट्रॅफिकमध्ये अडकलेली असताना त्याचा फोन आला. फॉर्म त्याने भरला नव्हता. सुपरवायझर म्हणाला होता, “विचारून सांगतो.” त्याच्याबरोबरच्या आणखी सहा जणांनीही फॉर्म परत ठेवून दिले होते. गुरुवारी लेखी उत्तर आलं : सर्व्हिस सलग धरणार, पगार तोच. सुट्ट्यांचं मात्र पानच कोरं.

“अर्धाच ट्रेड जिंकला ताई,” तो म्हणाला.

मी म्हटलं, वेड्या, जडेजाचे तर चार कोटी गेले!